चिनी लेखन: ‘कळतंय, पण आम्ही असं लिहीत नाही’

प्रश्न थोडक्यात असा आहे: एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेची पाचवी पातळी झाली, अडीच हजार शब्द ओळखीचे आहेत, वीचॅटवर गप्पा मारताना अडत नाही. पण पानभर निबंध किंवा कामाचा मेल लिहिला की चिनी शिक्षक म्हणतात, ‘कळतंय, पण आम्ही असं लिहीत नाही.’ आता वाढवायचं काय, शब्द की व्याकरण?

दोन्ही थोडं थांबू द्या. या टप्प्यावर लेखन अडतं ते दोन ठिकाणी. एक म्हणजे वाक्याला वाक्य कसं जोडायचं, आणि दुसरं, कोणत्या शब्दाशेजारी कोणता शब्द बसतो. जुन्या सहा पातळ्यांच्या परीक्षेत पाचवीला २५०० आणि सहावीला ५००० शब्द, म्हणजे दुप्पट. लेखनाची उडी मात्र मोठी आहे. पाचवीत ८० अक्षरांचे दोन तुकडे लिहायचे असतात. सहावीत १००० अक्षरांची गोष्ट १० मिनिटं वाचायला देतात, मग कागद काढून घेतात, आणि ३५ मिनिटांत तीच गोष्ट ४०० अक्षरांत लिहायची, स्वतःचं मत न घालता. ८० अक्षरं सुटीसुटी वाक्यं मांडून निभावतात. ४०० अक्षरांत मात्र सांधे उघडे पडतात.

(खाली चिनी शब्द पिनयिनला, म्हणजे चिनीच्या रोमन लेखनाला धरून देवनागरीत लिहिले आहेत, सूर गाळले आहेत. सोबतच्या अर्थावरून अक्षर ओळखू येईल.)

सांध्यांपासून सुरुवात करू, कारण इथे मराठीची मदतही होते आणि अडचणही. हे वाक्य घ्या: ‘तो उठून, आवरून, चहा पिऊन, डबा घेऊन गाडीला धावला.’ मराठी विद्यार्थी चिनीत प्रत्येक ‘-ऊन’साठी एक शब्द शोधतो, आणि त्याला सापडतो ‘रानहौ’, म्हणजे ‘नंतर’. मग परिच्छेदात चार रानहौ येतात आणि लेखन तिसरीतल्या मुलाच्या सहलीच्या वर्णनासारखं दिसायला लागतं. चिनीत ‘-ऊन’चं काम क्रियांचा क्रम आणि स्वल्पविराम करतात. ‘ता छीछुआंग शीशू, ह ल बेइ छा, लिनज फानह गानशांग ल हुओछ’ (उठला, आवरलं, चहा प्यायला, डबा हातात घेऊन गाडी गाठली). ‘तो’ एकदाच आला, रानहौ एकदाही नाही. कर्ता एकदा सांगून पुढे गाळत जाणं मराठीला नवं नाही. तरी चिनी लिहिताना आपण इंग्रजीच्या धाकानं दर वाक्यात ‘ता… ता…’ करतो. ती सवय सोडा. विषय बदलला की पूर्णविराम, तोवर स्वल्पविराम, हा ढोबळ नियम बराच पुरतो. याच्या उलट चूकही होते. विषय तीनदा बदलतो आणि स्वल्पविराम काही थांबत नाहीत. चिनी शिक्षकांकडे त्याला नावच आहे, ‘यी दौ दाओ दी’, शेवटपर्यंत स्वल्पविराम.

‘आणि’साठी ‘ह’ हा दुसरा सापळा. मराठीतलं ‘आणि’ दोन नामंही जोडतं आणि दोन वाक्यंही. ‘ह’ नामं जोडतं, वाक्यं जोडत नाही. ‘मी पुण्यात राहतो आणि बँकेत काम करतो’ यातल्या ‘आणि’ला चिनीत काहीच नको, स्वल्पविराम पुरे. दुसरी क्रिया पहिलीच्या पुढची पायरी असेल तर औपचारिक लेखनात ‘बिंग’ घालतात, दोन गोष्टींत विरोध किंवा तफावत असेल तर ‘अर’. आधीच्या निबंधातले सगळे ‘ह’ गोल करा आणि प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना नामं आहेत का ते पाहा. हा तपास पाच मिनिटांचा आहे.

जोड-अव्ययांत मात्र आपण नशीबवान आहोत. ‘स्वेइरान… दानशि’ म्हणजे जरी… तरी. ‘रूग्वो… ज्यू’ म्हणजे जर… तर. ‘युए… युए’ म्हणजे जसजसं… तसतसं. इंग्रजी भाषकाला दुसरा भाग लिहायची आठवण करून द्यावी लागते, आपल्याला नाही. फक्त जागा चुकते. आपलं ‘तर’ वाक्याच्या तोंडाशी बसतं, ‘ज्यू’ कर्त्यानंतर बसतं. ‘रूग्वो श्यायू, वो ज्यू बू छ्यू’ (पाऊस आला तर मी जाणार नाही) हे बरोबर. ‘ज्यू वो बू छ्यू’ ही अस्सल मराठी चूक आहे. आणखी एक जोडी ध्यानात ठेवा. ‘केलं तरच होईल’ यातला ‘च’ म्हणजे ‘त्साइ’, म्हणून ‘जियौ… त्साइ’. ‘केलं की झालंच’ म्हणजे ‘जियाओ… ज्यू’. ही अदलाबदल झाली तर वाक्य व्याकरणात बसतं पण अर्थ फिरतो, म्हणून ती तपासणाऱ्याच्याही नजरेतून निसटते.

‘जो… तो’ची लांब वाक्यं चिनीत नेऊ नका. आधी मनातल्या मनात ती ‘-लेला’, ‘-णारा’मध्ये फिरवा: ‘मी काल दुकानात पाहिलेलं पुस्तक’. आता शब्दांचा क्रम जवळजवळ तसाच उतरतो: ‘वो ज़ुओत्येन ज़ाइ शूद्येन कानदाओ द शू’. ‘द’च्या आधीचा मजकूर पंधरा-सोळा अक्षरांवर गेला की वाक्य तोडून दोन करा. व्याकरणाची चूक होते म्हणून नव्हे. वाचणाऱ्याला नामापर्यंत पोचेस्तोवर सगळं डोक्यात धरून ठेवावं लागतं म्हणून.

‘द’ तीन आहेत आणि टंकलेखनात तिन्ही एकाच कळांवर येतात. चिनी लोक ते अक्षराच्या अवयवांवरून ओळखवतात: पांढऱ्या-चमच्याचा, मातीचा आणि दोन-माणसांचा. नामाआधी विशेषण किंवा ‘चा-ची-चे’ असेल तर पांढरा. क्रियापदाआधी ‘आनंदानं’, ‘हळूच’ असं काही असेल तर माती. क्रियापदानंतर ‘कसं’ किंवा ‘किती’ सांगायचं असेल तर दोन-माणसांचा. चिनी तरुण गप्पांमध्ये सगळीकडे पांढराच टाकतात, त्यांचं पाहून निबंधात तसं करू नये.

आता ‘ल’. मराठीत भूतकाळ आला की क्रियापदाला बहुधा ‘ल’ लागतो: गेला, केलं, बसले. योगायोगानं उच्चारही तोच, त्यामुळे हात आपोआप प्रत्येक भूतकाळी क्रियेला ‘ल’ चिकटवतो. पण चिनी ‘ल’ क्रिया पुरी झाली किंवा स्थिती बदलली एवढंच सांगतो, काळ सांगत नाही. कुठे नको ते पाठ करणं सोपं आहे. सवयीच्या क्रियेला नको (‘लहानपणी मी रोज पोहायचो’). आवडणं, वाटणं, माहीत असणं अशा स्थितीला सहसा नको. ‘तो म्हणाला’नंतर बोलणं उद्धृत केलं असेल तर नको. ‘मेइ’ लावून ‘केलं नाही’ म्हणताना नको. ‘ठरवलं’, ‘सुरू केलं’ यांच्यामागे दुसरं क्रियापद आलं तर पहिल्याला नको. ओळीनं चार क्रिया असतील तर ‘ल’ बहुधा शेवटाकडच्या एखाद-दोन क्रियांना लागतो. वरच्या गाडीच्या वाक्यात पाहा, उठण्याला नाही, गाडी गाठण्याला आहे.

आता शब्दांच्या शेजाराकडे येतो. मध्यम आणि वरच्या पातळीतला खरा फरक इथे पडतो.

मराठीत ‘सुधारणे’ हे एक क्रियापद सगळीकडे चालतं: भाषा सुधारली, परिस्थिती सुधारली, पद्धत सुधारली. चिनीत पातळी उंचावते, ती ‘तीगाओ श्वेइपिंग’. परिस्थिती, राहणीमान किंवा संबंध सुधारतात ते ‘गाइशान’नं: ‘गाइशान त्याओज्येन’, ‘गाइशान ग्वानशी’. पद्धत किंवा काम सुधारतं ते ‘गाइजिन’नं: ‘गाइजिन फांगफा’. ‘वाढवणे’चंही तेच. संख्या वाढते ती ‘ज़ंगजिया शूल्यांग’. आत्मविश्वास वाढतो तो ‘ज़ंगछ्यांग शिनशिन’. व्यवस्थापन कडक होतं ते ‘जियाछ्यांग ग्वानली’. पसारा वाढतो तो ‘क्वोदा ग्वेइमो’. विकासाला चालना मिळते ती ‘त्सूजिन फाजान’. शब्दकोशात या सगळ्यांचा अर्थ ‘वाढवणे, सुधारणे’ असाच सापडेल. म्हणून शब्दकोशातून शब्द वाढवलेला माणूस ‘गाइशान श्वेइपिंग’ लिहितो आणि आपलं काय चुकलं ते त्याला समजत नाही. मराठीत कुणी ‘जेवण पिकवलं’ लिहिलं तर आपल्याला जसं होईल, तसं चिनी वाचकाला होतं.

उपाय असा की शब्द एकटा वहीत लिहायचाच नाही, नामासह लिहायचा. ‘तीगाओ’समोर ‘उंचावणे’ न लिहिता ‘तीगाओ श्वेइपिंग, तीगाओ श्याओल्यू’ (पातळी, कार्यक्षमता) असं लिहायचं. या जोड्या शोधायला बीजिंगच्या भाषा व संस्कृती विद्यापीठाचा बीसीसी हा खऱ्या लेखनातल्या मजकुराचा संग्रह उत्तम आहे, पेकिंग विद्यापीठाचा सीसीएलही आहे. बीसीसीच्या शोधपट्टीत क्रियापद लिहून त्याला जोडून रोमन एन अक्षर टाकलं की त्या क्रियापदामागे येणारी नामं मिळतात, आणि मोजणीचं बटण दाबलं की ती वारंवारतेनं लागतात. वृत्तपत्रांचा विभाग निवडा, पहिली पाच-सहा नामं घ्या, बाकी सोडून द्या. तळाची दुर्मीळ उदाहरणं उचलायचा मोह होतो, तो टाळा. त्याच भाषा व संस्कृती विद्यापीठाचा परदेशी परीक्षार्थींच्या निबंधांचाही एक संग्रह आहे, चुकांवर खुणा केलेला. तो आपली चूक इतरांचीही आहे का हे पाहायला छान, पण नमुना म्हणून त्यातलं वाक्य उचलू नका. ते चुकीचंच निघायची शक्यता असते.

याच ओघात लेखी भाषेबद्दल. शूम्येनयू (लेखी भाषा) म्हणजे बोलीतला शब्द काढून जड शब्द ठेवणं, असा समज असतो. ‘शियानज़ाइ’च्या (आत्ता) जागी ‘मुछ्येन’, ‘कशि’च्या (पण) जागी ‘रानअर’, ‘हाओश्यांग’च्या (जणू) जागी ‘सिहू’ अशी यादी कुठल्याही शिकवणीत मिळते. ती घ्या, पण खरा नियम अक्षरांच्या संख्येचा आहे. एकाक्षरी क्रियापदाला एकाक्षरी नाम रुचतं, द्व्यक्षरी क्रियापदाला द्व्यक्षरी. झाड लावणं हे ‘जोंग शू’ किंवा ‘जोंगजि शूमू’. ‘जोंगजि शू’ लंगडं वाटतं. पुस्तक विकत घेणं ‘माइ शू’ किंवा ‘गौमाइ शूजी’. मराठीतही असं काहीसं आहेच: ‘पाणीपुरवठा’ चालतो, पण प्रदूषण म्हटलं की ‘जल’ यावंसं वाटतं आणि प्रवेशाआधी ‘गृह’. आपण तिथे शब्दाचं कूळ पाहतो, चिनी कान लांबी मोजतो. म्हणून क्रियापद जड केलं की नामही जड करा, नाहीतर दोन्ही साधी ठेवा.

‘जिनशिंग’ (चालवणे, पार पाडणे) हे औपचारिक लेखनातलं लाडकं क्रियापद आहे आणि त्यात दोन चुका ठरलेल्या. त्यामागे द्व्यक्षरी क्रियाच हवी: ‘जिनशिंग द्याओछा’ (पाहणी करणे) चालतं, एकाक्षरी ‘छा’ चालत नाही. आणि त्या क्रियेचं कर्म मागे ठेवता येत नाही, ‘द्वेइ’ लावून पुढे आणावं लागतं: ‘द्वेइ शिछांग जिनशिंग द्याओछा’, बाजाराची पाहणी करणे. ‘जिनशिंग द्याओछा शिछांग’ हे कंपनीच्या अहवालांत सर्रास दिसतं आणि चूक आहे. तसंच ‘यिनवेइ’ची (कारण) जोडी ‘स्वोयी’शी (म्हणून). ‘यिनत्सि’ (त्यामुळे) घ्यायचं असेल तर सुरुवातीला ‘यौयू’ (अमुक कारणानं) घ्या. आणि एका परिच्छेदात एकच सूर ठेवा. ‘मुछ्येन’नं सुरू करून शेवटी गप्पांमधलं ‘तिंग हाओ द’ (छानच आहे) आलं की कोट घालून चप्पल घातल्यासारखं दिसतं.

छंगयू, म्हणजे चार अक्षरी म्हणी, यांबद्दल मत विचाराल तर ४०० अक्षरांत दोन पुरेत, तेही ज्यांचा वापर वाक्यात पाहिला आहे असे. ‘छा छ्यांग रन यी’चा अर्थ ‘कसंबसं समाधानकारक’ असा आहे, पण ‘असमाधानकारक’ म्हणून चिनी लोकही वापरतात. ‘शौ दांग छी छोंग’ म्हणजे पहिला तडाखा बसणं, ‘सर्वप्रथम’ नव्हे. अशी चूक झाकली जात नाही, कारण लेखकानं ती उठून दिसावी म्हणूनच घातलेली असते.

आकडे हा आपला हक्काचा घोळ आहे, विशेषतः नव्या नऊ पातळ्यांच्या परीक्षेच्या वरच्या टप्प्यात आलेखावर लिहावं लागतं म्हणून. मराठी माणूस लाखात मोजतो, चिनी माणूस ‘वान’मध्ये, दहा हजारांत. १ लाख म्हणजे १० वान, १२ लाख म्हणजे १२० वान, १ कोटी म्हणजे १००० वान, १० कोटी म्हणजे १ यी. घाईत मराठीतून इंग्रजी मिलियन आणि मिलियनमधून वान असा प्रवास केला की एक शून्य हमखास सांडतं. लाखाला दहानं गुणा, संपलं. वाढीचे शब्द आणखी निसरडे. ‘ज़ंगजिया ल ल्यांग बेइ’ म्हणजे दोन पट भर पडली, एकूण तिप्पट झाली. दुप्पट म्हणायचं तर ‘ज़ंगजिया दाओ’ वापरून मूळच्या दोन पटींपर्यंत गेली असं लिहा. ‘फान यी फान’ म्हणजे दुप्पट, ‘फान ल्यांग फान’ म्हणजे चौपट. घट सांगताना ‘बेइ’ टाळा, टक्के किंवा ‘निम्मी झाली’ लिहा. आणि ‘दा बा ज’ ही ८० टक्के सूट नसून २० टक्के आहे, किंमत आठ दशांश उरते.

चिन्हांकडे कुणी लक्ष देत नाही, म्हणून तिथे सहज फरक दाखवता येतो. यादीतल्या नामांमध्ये साधा स्वल्पविराम नको, त्यासाठी तिरका थेंब आहे, ‘दुन्हाव’. पुस्तक, चित्रपट, वृत्तपत्र यांची नावं अवतरणांत न ठेवता दुहेरी कोनांत, ‘शूमिंगहाव’मध्ये. वगळलेल्या मजकुराचे सहा ठिपके दोन चौकटींत, लांब रेघही दोन चौकटींची. परिच्छेदाची सुरुवात दोन चौकटी सोडून, आणि ओळीच्या तोंडाशी स्वल्पविराम कधीच येऊ द्यायचा नाही, तो आधीच्या ओळीच्या शेवटी कोंबायचा. परदेशी नावात नाव आणि आडनाव यांच्यामध्ये मधोमध एक ठिपका येतो. मुंबई, पुणे अशा गावांची रूढ चिनी रूपं आहेत, ती शोधून घ्या, उच्चारावरून स्वतः बनवू नका. औपचारिक पत्राच्या शेवटी आदर दाखवणाऱ्या ठरीव शब्दांपैकी ‘त्सिजि’ दोन चौकटी आत आणि ‘जिंगली’ पुढच्या ओळीत अगदी डावीकडे. दोन्ही एका ओळीत लिहिलं की पत्रलेखन शिकलेलं नाही हे दिसतं.

सराव कसा करायचा, तर ‘स्वतःच्या मनाचे’ निबंध काही महिने बाजूला ठेवा. आपल्या मनातलं लिहिताना आपण ठाऊक असलेल्याच शब्दांभोवती फिरतो. त्याऐवजी परतफेडीचा सराव करा. २५० ते ३०० अक्षरांचा माहितीपर मजकूर निवडा, कादंबरीतला नको. अनोळखी शब्द १० पेक्षा जास्त असतील तर दुसरा घ्या. दोनदा वाचा, ८-१० कळीचे शब्द टिपा, मजकूर मिटा. लगेच लिहू नका. लगेच लिहिलं तर स्मरणशक्तीची परीक्षा होते, भाषेची नाही. दुसऱ्या दिवशी टिपलेल्या शब्दांवरून २५ मिनिटांत तोच मजकूर लिहा, मग मूळ शेजारी ठेवून ओळ ओळ पाहा. लाल पेनानं व्याकरण, निळ्यानं शब्दांच्या जोड्या, हिरव्यानं सांधे. हिरवं शोधताना मूळ लेखकानं काय लिहिलं नाही तेही पाहा: कुठे ‘ता’ गाळला, कुठे जोडशब्दाविना भागवलं. प्रत्येक मजकुरातून तीनच गोष्टी वहीत न्या आणि पुढच्या लेखनात त्यातली एक मुद्दाम वापरा. आठवड्यात तीन मजकूर झाले की पुरे. रोज करायला गेलात तर तुलना आळसात उरकली जाते, आणि सगळा फायदा तुलनेत आहे. लाल खुणा जवळपास थांबल्या आणि निळ्या-हिरव्याच उरल्या की स्वोशिएकडे, म्हणजे १००० चे ४०० करण्याकडे वळा.

हातानं लिहायचं की टंकायचं? परीक्षा संगणकावर देणार असाल तर टंका, पण ‘ज़ाइ’ची दोन (‘मध्ये’ आणि ‘पुन्हा’), ‘ज़ुओ’ची दोन (दोन्ही ‘करणे’) आणि ‘यी’ची दोन (‘आधीच’ आणि ‘ने’) शेवटी एकदा शोधून तपासा. यंत्र अंदाजानं पहिलं टाकतं. कागदावर देणार असाल तर हिशोब सरळ आहे: ३५ मिनिटांत ४०० म्हणजे मिनिटाला साडेअकरा अक्षरं, विचार करण्याचा वेळ धरून. नुसती नक्कल करताना मिनिटाला १८-२० जमत नसतील तर आधी हात सैल करा. अक्षर ऐन वेळी आठवत नाही, याला चिनीत ‘तीबी वांगज़ि’ म्हणतात, पेन उचलला की अक्षर विसरलं. अशा वेळी अडून न बसता दुसरा शब्द घ्या.

तपासून घ्यायला चिनी मित्र असेल तर ‘बरोबर आहे का?’ विचारू नका. तो भिडेखातर हो म्हणेल, नाहीतर सगळंच बदलून देईल आणि त्यातली चूक कोणती, आवड कोणती हे समजणार नाही. एक परिच्छेद द्या, तीन वाक्यांखाली रेघ मारा आणि विचारा, ‘हेच तू ऑफिसच्या मेलमध्ये लिहिलं असतंस तर कसं लिहिलं असतंस?’ उत्तर मिळालं की दोन्ही वाक्यांतला फरक लाल आहे, निळा की हिरवा, ते स्वतः ठरवा.